युद्धात दुरावलेल्या आप्तांचा शोध आणि पहिला संपर्क : कोणतं काम कशानंतर करायचं

गुरुवारी संध्याकाळी नंबर मिळाला आणि रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लागला. खोलीत अकरा माणसं, मध्ये उशीला टेकवून ठेवलेला मोबाइल. पलीकडे साठीची एक बाई दिसली. ती त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघत राहिली, एक-दोनदा काहीतरी बोलायला गेली, आणि तिनं फोन ठेवला. पुन्हा तो नंबर कधी लागला नाही. सव्वीस वर्षं शोधलेली बहीण चार मिनिटांत परत हरवली. त्या घराचा शोधाचा अर्ज मीच भरून दिला होता. नंबर मिळाल्यावर काय करायचं नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

असे अर्ज भरताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. शोध फसतो तेव्हा माहिती बरेचदा घरातच असते, फक्त कामांचा क्रम चुकलेला असतो. माणूस सापडणं हे एक काम, तो तोच आहे याची खात्री करणं हे दुसरं, आणि त्याच्याशी पुन्हा बोलणं सुरू करणं हे तिसरं. लोक पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी घेतात. खाली टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. कंटाळवाणे टप्पे सुरुवातीला आहेत आणि तेच गाळले जातात.

## टप्पा १ : घरातली माहिती वहीत उतरवा

कुठेही अर्ज करण्याआधी एक जाड वही घ्या. सुटे कागद नकोत, ते हरवतात. घरातल्या ज्या ज्या माणसाला काही आठवतं त्याच्याशी वेगवेगळं बसून बोला. सगळ्यांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. मग धाकट्या मावशीला आठवणारी खरी गोष्ट, "नाही गं, तसं नव्हतं" एवढ्या एका वाक्यात कायमची पुसली जाते.

थेट "काय घडलं?" असं विचारू नका. घराचा नकाशा काढायला सांगा. दार कुठल्या बाजूला, पाणी कुठून आणायचे, शाळेची वाट कुठून जायची. हात चालू लागला की आठवण चालू लागते. एका आजोबांना गावाचं नाव नीट सांगता येत नव्हतं. पण नकाशा काढताना त्यांनी नदीवर दोन पूल दाखवले, एक दगडी आणि एक रेल्वेचा, आणि रेल्वेच्या पुलाजवळ साखर कारखाना. त्या तीन खुणांवरून गाव सापडलं.

प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा: स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं, की नुसता अंदाज. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे दोन नोंदी एकमेकींना काटू लागल्या की हीच खूण वाचवते.

वहीत या गोष्टी याव्यातच:

- हरवलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव, लाडाचं नाव, शाळेतलं नाव, लग्नानंतरचं नाव. आई आणि वडील दोघांची नावं.
- जन्माचं ठिकाण आणि वर्ष. वर्ष माहीत नसेल तर कोणापेक्षा किती लहान किंवा मोठी, ते.
- शेवटची भेट किंवा शेवटचं पत्र: कधी, कुठे, बरोबर कोण होतं, कुठल्या दिशेनं निघाले, पायी की वाहनानं.
- अंगावरच्या खुणा: जखमेचा व्रण, तीळ, मोडलेलं हाड, डावखुरेपणा.
- घरातल्यांनाच माहीत असलेल्या गोष्टी: अंगाई, एकमेकांना दिलेली चिडवायची नावं, एखादा अपघात.

यातली कुठली गोष्ट कामाला येईल हे आधी सांगता येत नाही. १९८३ साली दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीनं कोरियन युद्धात दुरावलेल्या कुटुंबांसाठी थेट प्रक्षेपण केलं, ते १३८ दिवस चाललं आणि १०,१८९ कुटुंबांची गाठ पडली. लोक छातीशी फलक धरून उभे राहायचे. त्यावर नावाच्या जोडीला गाव, आईवडिलांची नावं आणि ताटातूट कुठे-कशी झाली एवढंच असायचं. तेवढ्यावर लोकांनी एकमेकांना ओळखलं.

नात्यांच्या बाबतीत एक चूक मराठी घरांत हमखास होते. इंग्रजी अर्जात "अंकल" किंवा "कझिन" लिहून आपण मोकळे होतो. आपल्या भाषेत काका, मामा, मावसा, आतोबा वेगळे आहेत. चुलत, आते, मामे, मावस वेगळे आहेत. हा फरक शोधात सोन्यासारखा आहे, तो अर्जात उतरवा. "आईचा थोरला भाऊ", "वडिलांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा" असं उलगडून लिहा.

सावध: म्हाताऱ्या माणसाला एका बैठकीत तीन तास बसवू नका. अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार बैठका घ्या. बोलता बोलता ते थांबले तर तुम्हीही थांबा. त्या रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी झोपायला असू द्या. दिवसा काढलेल्या आठवणी रात्री परत येतात.

## टप्पा २ : नावं, तारखा आणि गावं यांचे पर्याय लिहून काढा

नोंदी जुळत नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण हे, आणि यावर एक पूर्ण दिवस घालवला तरी वाया जात नाही.

नावापासून सुरुवात करा. एकच अरबी नाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिलं जातं. एकच कोरियन आडनाव दक्षिणेत "ली" किंवा "यी" म्हणून येतं आणि उत्तरेत "री" म्हणून. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी येतं, त्यामुळे परदेशी कारकुनानं आडनावालाच नाव समजून नोंद केलेली असू शकते. इथिओपिया आणि इरिट्रियात आडनाव हा प्रकारच नाही, दुसरं नाव वडिलांचं असतं. त्यामुळे बाप आणि मुलगा यांची "आडनावं" वेगळी दिसतात आणि नोंदी वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. वहीत एक पान फक्त नावाच्या पर्यायांसाठी ठेवा. मूळ लिपीतलं नाव सगळ्यात वर, त्याखाली सुचतील तितकी रूपं.

आता तारखा. निर्वासितांच्या नोंदीत १ जानेवारी ही जन्मतारीख अनेकदा दिसते. खरी तारीख माहीत नसली की कारकून ती टाकून देतो. त्यामुळे सापडलेल्या नोंदीत १ जानेवारी असेल तर ती "तारीख जुळत नाही" म्हणून बाजूला सारू नका, वर्षाच्या आसपास बघा. कॅलेंडरही तपासा. इथिओपियाचं वर्ष आपल्या नेहमीच्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे असतं. अफगाणिस्तान आणि इराणमधल्या कागदावर १३६० लिहिलं असेल तर ते सौर हिजरी आहे, म्हणजे १९८१-८२. आणि ०४/०७ हे चार जुलै की सात एप्रिल, हा प्रश्न प्रत्येक कागदाला विचारा.

गावांची नावं युद्धानंतर बदलतात. एकच शहर जर्मन कागदांत लेम्बर्ग, पोलिश कागदांत ल्वुफ, रशियनमध्ये ल्वोव्ह आणि आज युक्रेनमध्ये ल्विव्ह. सायगॉनचं नाव १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी आहे. घरातल्या माणसाच्या तोंडात जुनं नाव असतं आणि संगणकात नवं. दोन्ही लिहा, आणि जवळचं मोठं शहर व जिल्हाही लिहा.

पुढे जाण्याआधी तपासा: पहिल्या दोन टप्प्यांत लिहिलेली पानं घरातल्या नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला न विचारता कळतं का, की कोण कोणाला शोधतंय आणि दोघं शेवटचे कुठे एकत्र होते? कळत नसेल तर कार्यालयातल्या माणसालाही कळणार नाही.

## टप्पा ३ : घरात आधी तीन गोष्टी ठरवा

हा टप्पा लहान आहे, पण याच्याशिवाय सुरुवातीला सांगितलेली ती रात्र पुन्हा घडते.

पहिली गोष्ट, संपर्क कोण करणार. एकच माणूस. शक्यतो जो हरवलेल्या माणसाला प्रत्यक्ष ओळखायचा तो, आणि तो थकलेला असेल तर त्याच्या शेजारी बसणारा एकजण. बाकी सगळ्यांनी मागे राहायचं, कितीही जीव तुटला तरी.

दुसरी, बातमी कोणाला कधी सांगायची. आजारी आईला "नंबर मिळालाय" हे ओळख पटण्याआधी सांगायचं का? माझं मत स्पष्ट आहे: खात्री होईपर्यंत सांगू नका. चुकीचा माणूस निघाला तर तो धक्का सोसायला तिच्याकडे ताकद उरलेली नसते. मात्र तिनं आधीच "मला सगळं कळलं पाहिजे" असं बजावलं असेल, तर तिचं ऐका.

तिसरी, समोरच्याला धोका आहे का. तो अजून त्याच राजवटीत किंवा सशस्त्र गटाच्या भागात राहत असेल तर परदेशातून आलेला एक फोनही त्याला अडचणीत आणू शकतो. कदाचित त्यानं नाव बदललंय. कदाचित नव्या घरात जुन्या घराबद्दल कुणाला काही माहीत नाही. अशी शंका असेल तर टप्पा ५ पूर्ण गाळा आणि फक्त टप्पा ४ च्या मार्गानं जा.

## टप्पा ४ : अधिकृत शोधासाठी अर्ज करा

सुरुवात आपण राहतो त्या देशाच्या राष्ट्रीय रेडक्रॉस किंवा रेड क्रिसेंट सोसायटीपासून करायची. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची सेंट्रल ट्रेसिंग एजन्सी आणि जगभरच्या १९० हून अधिक राष्ट्रीय सोसायट्या मिळून हे काम करतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. त्यांच्या नावानं कुणी फी मागितली तर तो माणूस त्यांचा नाही.

अर्ज भरताना बहुधा मुलाखत होते. वही बरोबर न्या, पण वही देऊन येऊ नका. पानांच्या प्रती द्या. अर्जाचा क्रमांक, तारीख आणि कोणाशी बोललात त्याचं नाव त्याच दिवशी वहीत लिहा. यंत्रणा कशी चालते हे नीट समजून घ्या, म्हणजे नंतर राग येणार नाही: शोध घेणारी माणसं सापडलेल्या व्यक्तीला आधी विचारतात. तिची संमती असल्याशिवाय तिचा पत्ता तुम्हाला मिळत नाही. हा नियम उद्या तुम्हाला कुणी शोधत असेल तर तुमचंही रक्षण करतो.

मालमत्तेच्या वादासाठी किंवा कोर्टाची नोटीस पोहोचवण्यासाठी हा मार्ग नाही. वडिलोपार्जित जमिनीचा मुद्दा अर्जात घुसवू नका. घरातला कुणी आग्रह धरेल, त्याला नाही म्हणा.

फोन आणि टपाल बंद असलेल्या भागात रेडक्रॉसचा निरोपाचा कागद जातो. तो उघडा असतो, वाटेत वाचला जातो, आणि त्यात फक्त घरगुती मजकूर चालतो. राजकारण, सैन्य किंवा ठिकाणांचे तपशील लिहिले तर तो अडतो.

याशिवाय आणखी काही दारं आहेत. नाझी छळाला आणि सक्तमजुरीला बळी पडलेल्यांसाठी जर्मनीतलं आरोल्सन अर्काइव्ह्ज हे दफ्तर आहे. तिथली कोट्यवधी कागदपत्रं इंटरनेटवर बघता येतात आणि घरच्यांच्या चौकशीला शुल्क नाही. एल साल्व्हादोरच्या यादवी युद्धात हरवलेल्या मुलांसाठी १९९४ पासून प्रो-बुस्केदा ही संस्था काम करते. यादवी, फाळणी किंवा हद्दपारी यांत दुरावलेल्यांसाठी अशा स्थानिक संस्था अनेक ठिकाणी आहेत. तुमच्या युद्धासाठी अशी संस्था आहे का, हे राष्ट्रीय सोसायटीलाच विचारा. युरोपात पोहोचलेल्या नातेवाइकांसाठी रेडक्रॉसचं "ट्रेस द फेस" हे छायाचित्रांचं पान आहे. त्यावर फोटो हरवलेल्याचा नसतो, शोधणाऱ्याचा असतो. लोक त्या पानावर भावाचा चेहरा शोधतात आणि "नाही" म्हणून बंद करतात. तिथे दिसेल तो तुम्हाला शोधणारा भाऊ, आणि तोही आता वीस वर्षांनी थोराड झालेला, हे मनात धरून बघा.

नेहमीची चूक: तीन भावंडं तीन देशांत, तिघांनी तीन स्पेलिंगनं वेगवेगळे अर्ज केले, आणि एकानंही दुसऱ्याचा उल्लेख केला नाही. परिणामी तीन अपुऱ्या फाइली तीन कपाटांत. प्रत्येक अर्जात बाकीच्या अर्जांचे क्रमांक लिहा.

आणखी एक, ही सगळ्यात महागात पडते: अर्जानंतर घर बदललं, सिम बदललं, आणि कार्यालयाला कळवलं नाही. उत्तर यायला महिने किंवा वर्षं लागू शकतात. दर सहा महिन्यांनी एक फोन करा: "क्रमांक अमुक, आमचा पत्ता तोच आहे." नवं काही आठवलं असेल तर तेही त्याच वेळी सांगा.

## टप्पा ५ : स्वतः शोधताना काय जाहीर करायचं आणि काय राखून ठेवायचं

समाजमाध्यमांवर गावांचे, शाळांचे, निर्वासित छावण्यांचे गट असतात आणि त्यातून माणसं खरोखर सापडतात. पण एकदा लिहिलेलं परत घेता येत नाही.

जाहीर लिहा: तुमचं नातं, हरवलेल्याचं पहिलं नाव, साधारण वय, गाव, ताटातुटीचं वर्ष.

कधीही जाहीर लिहू नका: अंगावरची खूण, लाडाचं नाव, अंगाईचे शब्द, घरातला तो एक प्रसंग. वहीतल्या यादीतून अशा निदान तीन गोष्टी निवडा, त्यांच्याभोवती चौकट आखा आणि त्या कुणालाही सांगू नका. टप्पा ६ पूर्ण या तीन गोष्टींवर उभा आहे. त्या पोस्टमध्ये गेल्या की दुसऱ्या दिवशी "तुमच्या भावाच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, तो माझ्या शेजारी राहतो" असा निरोप येतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्याच्या खर्चासाठी पैशांची मागणी.

हरवलेल्याचा धर्म, पक्ष, त्यानं कुठल्या बाजूनं बंदूक उचलली होती का, हेही जाहीर लिहायचं नाही. शत्रुत्व युद्धाबरोबर संपत नाही.

## टप्पा ६ : ओळख पटवा

आता कुणीतरी सापडलंय. हात थरथरतील. तरीही फोन लावू नका, आधी हे करा.

प्रश्न उघडे विचारा. "आईचं नाव अमुकच ना?" या प्रश्नाला कुणीही हो म्हणेल. "आईला घरात काय म्हणून हाक मारायचे?", "पावसात घर कुठे गळायचं?", "तुला कोण चिडवायचं, काय म्हणून?" असे प्रश्न द्या. पाच-सहा पुरेत, लेखी किंवा मध्यस्थामार्फत. तुमच्याही उत्तरांची त्याला गरज आहे. तोही तुमच्याकडे तितक्याच संशयानं बघतोय, म्हणून त्यालाही प्रश्न विचारायला सांगा.

उत्तरं तपासताना वय लक्षात घ्या. चार-पाच वर्षांचं असताना दुरावलेलं मूल आईवडिलांची नावं सांगू शकत नाही, कारण त्याच्यासाठी ती फक्त आई आणि बाबा असतात. त्याला दाराचा रंग आठवेल, कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज आठवेल. त्यामुळे तीन उत्तरं चुकली म्हणजे माणूस खोटा, असं लगेच ठरवू नका. उलट जो सगळी उत्तरं सफाईनं देतो, आणि नेमक्या तुम्ही जाहीर केलेल्या गोष्टीच देतो, त्याच्याबाबत थांबा.

शंका उरली तर डीएनए चाचणी. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घेतात, दुखत नाही. निकाल वाचताना एवढं माहीत असू द्या:

- सख्खी भावंडं सरासरी निम्मा डीएनए वाटून घेतात.
- सावत्र भावंडं, म्हणजे एकच पालक समान असलेली, साधारण पाव भाग. मामा-भाचे, काका-पुतणे आणि आजी-नातवंडांचाही तेवढाच. त्यामुळे नुसत्या टक्केवारीवरून यातलं नेमकं नातं ठरत नाही, वयं आणि कागद बघावे लागतात.
- सख्खी चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडं साधारण आठवा भाग. पुढच्या पिढ्यांत तो भराभर कमी होतो.

म्हणून घरातल्या सगळ्यात वयस्क जिवंत माणसाचा नमुना आधी घ्या, त्यांची संमती विचारून. नातवाचा नमुना नंतरही घेता येईल, आजीचा नाही. आणि चाचणीआधी घरात एकदा मोकळं बोला, कारण या निकालात न विचारलेली उत्तरंही येतात: वडील वेगळे असल्याचं, किंवा दत्तक असल्याचं. ते ऐकायची तयारी नसेल तर कागदांवर आणि प्रश्नांवरच थांबा.

पुढे जाण्याआधी तपासा: राखून ठेवलेल्या तीन गोष्टींपैकी निदान एक त्याच्याकडून, न सुचवता आली का? किंवा चाचणी जुळली का? कुणी पैसे मागितलेत का? मागितले असतील तर एक पाऊल मागे या.

## टप्पा ७ : पहिला निरोप लिहा

पहिला संपर्क लेखी असावा. लेखी निरोप माणूस एकट्यानं वाचू शकतो, रडू शकतो, खिशात ठेवून चार दिवसांनी उत्तर देऊ शकतो. फोन त्याला ही सवलत देत नाही.

युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २५ व्या कलमात, टपाल अगदीच मर्यादित करावं लागलं तर महिन्याला एक छापील कागद आणि त्यावर स्वतःचे पंचवीस शब्द, अशी तरतूद आहे. ही मर्यादा तुमच्यावर नसली तरी पहिला मसुदा पंचवीस शब्दांतच करा. फालतू शब्द आपोआप गळतात.

एका बाईंचा पहिला मसुदा असा होता:

"दादा, मी तुझी धाकटी बहीण. जिवंत आहे, बरी आहे. आई शेवटपर्यंत तुझी वाट पाहत होती. तुला जमेल तेव्हा, जमलं तरच, दोन ओळी पाठव. घाई नाही."

शब्द पंचवीसच. पण मधलं वाक्य बघा. त्यात आई गेल्याची बातमी आहे, आणि "तू आला नाहीस" हा ठपकाही आहे, जरी त्यांच्या मनात तो नव्हता. आम्ही बराच वेळ त्या एका वाक्यावर बसलो. त्यांना ते सोडवत नव्हतं. शेवटी त्यांनी तिथे लिहिलं: "आपल्या विहिरीजवळचं झाड मला अजून आठवतं." शब्द पुन्हा सहाच. उत्तर पाच आठवड्यांनी आलं आणि पहिली ओळ त्या झाडाची होती.

पहिल्या निरोपात मृत्यूची बातमी, "इतकी वर्षं का नाही कळवलंस", पैसे, जमीन, भेटीची तारीख, यातलं काहीही नको. फोटो पाठवायचा तर एकच, तुमचा, अलीकडचा. सोबत घरातल्या वीस माणसांचा नको. भाषा बदलली असण्याची शक्यता धरा: लहानपणी दुरावलेली माणसं मायबोली विसरतात. त्याच्या आजच्या भाषेतलं भाषांतर जोडा, पण मूळ मजकूर तुमच्या हस्ताक्षरात खाली ठेवा.

मग थांबा. उत्तर नाही आलं तर सहा आठवडे दुसरा निरोप नाही.

## टप्पा ८ : पहिला फोन

वेळ त्याला ठरवू द्या. आवाजाचा फोन, व्हिडिओ नको. चेहऱ्याची पाळी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. खोलीत दोनच माणसं. दुभाषा लागत असेल तर घरातला पोरगा नको, बाहेरचा समजूतदार माणूस बघा. लहान मुलाच्या तोंडून "तुझे बाबा कसे गेले ते विचार" हे वदवून घेणं क्रूर आहे.

आधीच सांगा की अर्धा तास बोलू, आणि अर्ध्या तासानं खरंच थांबा. पुढचा दिवस ठरवूनच ठेवा. शांतता पडली तर ती भरायला धावू नका. मी शेजारी बसलो होतो त्या एका फोनवर दोन म्हातारे भाऊ किती तरी वेळ नुसता एकमेकांचा श्वास ऐकत होते. मग थोरल्यानं विचारलं, "जेवलास का?" पुढचं सगळं बोलणं तिथून सुरू झालं.

आजचं बोला: तब्येत, पोरंबाळं, कामधंदा, खिडकीतून काय दिसतं. मृत्यूबद्दल त्यानं विचारलं तर खोटं बोलू नका. थोडक्यात, सरळ सांगा, आणि तपशील तो मागेल तेवढेच द्या. "तू आम्हाला सोडून गेलास" आणि "तुम्ही मला शोधलं नाही" ही दोन वाक्यं दोन्हीकडे तयार असतात. ती निघालीच तर प्रतिवाद करू नका. "हे मला नीट ऐकायचंय, आपण भेटल्यावर बोलू" एवढं पुरतं.

## टप्पा ९ : पैसे आणि भेट

पैशाचा विषय लवकरच निघतो, विशेषतः एकजण सुस्थितीत आणि दुसरा छावणीत असेल तर. मदत करावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण पहिले काही महिने ठरावीक, छोटी रक्कम घरातल्या सगळ्यांच्या माहितीनं द्या. गुपचूप पाठवलेल्या पैशांनी भावंडांत नव्यानं वितुष्ट आलेलं मी पाहिलं आहे.

भेटीआधी कागद बघा: व्हिसा, प्रवासाची परवानगी, परत येण्याचा हक्क. आश्रय मिळालेल्या माणसानं मायदेशी पाऊल ठेवलं तर त्याचा दर्जा धोक्यात येऊ शकतो, म्हणून तिसऱ्या देशात भेटणं कधी कधी शहाणपणाचं असतं. जोडीदार किंवा अल्पवयीन मुलं यांना कायमचं आणायचं असेल तर मुदती विचारा. जर्मनीत निर्वासित म्हणून अंतिम मान्यता मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला तर उत्पन्न आणि घराच्या अटी माफ होतात. ती मुदत हुकली की तोच अर्ज फार अवघड होतो.

भेट ठरली की काय बोलायचं याचा कागद करा. कोरियात २०१८ साली झालेल्या भेटींत दुरावलेल्या कुटुंबांना तीन दिवसांत मिळून जेमतेम अकरा-बारा तास मिळाले, तेही बहुतेक सगळ्यांच्या देखत. तुम्हाला जास्त वेळ मिळेल, पण पहिला दिवस रडण्यात आणि नुसतं बघण्यात जातो. विचारायचे प्रश्न, दाखवायचे फोटो, द्यायच्या वस्तू यांची यादी खिशात असू द्या. राहायची सोय एकाच घरात करू नका. दोघांनाही रात्री दार लावून एकटं बसायला जागा लागते.

## टप्पा १० : उत्तर "नाही" आलं, किंवा आलंच नाही

समोरच्यानं संपर्क नको म्हटलं तर मध्यस्थाकडे एक बंद पाकीट ठेवा: तुमचा पत्ता, दोन ओळी, आणि "कधीही" हा शब्द. दुसऱ्या नातेवाइकामार्फत दबाव आणू नका, त्याच्या मुलांना शोधून लिहू नका. आज नको म्हणणारी माणसं कित्येक वर्षांनी ते पाकीट मागायला येतात, पण दबाव आणला असेल तर येत नाहीत.

मृत्यूची बातमी आली तर ती लेखी मागा: कुठे, कधी, कुणी नोंद केली, दफन किंवा दहन कुठे. नातेवाइकांचं काय झालं हे जाणण्याचा कुटुंबाचा हक्क जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराच्या ३२ व्या कलमात लिहिलेला आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. अवशेषांची ओळख पटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोग १९९६ पासून काम करतो. अशा ठिकाणी तुमचा डीएनए नमुना आधीच दिलेला असेल तर नंतर सापडलेल्या अवशेषांशीही तो ताडून बघता येतो.

आणि काहीच कळलं नाही तर? अर्ज बंद करायला सांगू नका. बेपत्ता व्यक्तीचा दाखला मिळतो का ते वकिलाला विचारा. त्यानं पेन्शन, मुलांचं पालकत्व, घर यांची अडलेली कामं सुटतात, आणि मृत्यू मान्य केल्याची सही करावी लागत नाही. काही देशांत ही सोय आहे. आशा आणि शोक या दोन्हीच्या मधलं हे जगणं माणसाला आतून पोखरतं. समुपदेशक मिळत असेल तर जा, आणि ज्यांचं कुणी असंच हरवलंय अशा दुसऱ्या घराला भेटा.

वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या तरुण माणसाचं नाव लिहा, ज्याच्याकडे ही वही तुमच्यानंतर जाईल. अर्जाचे सगळे क्रमांक त्याला समजावून सांगा, आणि कार्यालयाला पुढच्या सहामाही फोनमध्ये त्याचा नंबर नोंदवायला सांगा.